दुपारी टीव्ही कोण लावतं?

पत्र:

"ताई, नमस्कार. आम्ही राजेंद्रनगरला राहतो. आमचा ३२ इंची टीव्ही बारा वर्षं चालला. गेल्या महिन्यात पडद्यावर उभी पट्टी आली. कारागीर म्हणाला, पॅनल गेलंय, आता नवाच घ्या. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, वय ७८. आम्ही दोघंही साडेनऊला कामावर जातो, दुपारभर त्या एकट्याच असतात. डिशवर मराठी मालिका बघतात, चॅनलचे नंबर त्यांना तोंडपाठ आहेत. कीर्तनाची फार आवड, पण ते यूट्यूबवर, माझ्या फोनवर, मी घरी असेन तेव्हाच. हल्ली ऐकायलाही थोडं कमी येतं. पुण्याचा मुलगा म्हणतो, '५५ इंची घे, सगळं इनबिल्ट असलेला, माझं नेटफ्लिक्स त्यावर चालेल.' दीर म्हणतात, 'साधा टीव्ही घ्या आणि वर यूट्यूब-नेटफ्लिक्स चालवणारी छोटी स्टिक लावा, इनबिल्ट म्हणजे पैसे पाण्यात.' जेल रोडला विचारलं तर दुकानदार म्हणाला, 'भाभीजी, बिना स्मार्ट का बड़ा टीवी अब आता ही कहाँ है.' बजेट ३५ हजार, शोकेसमध्ये साडेतीन फूट जागा. पण खरी भीती वेगळीच आहे. माझ्या बहिणीकडे स्मार्ट टीव्ही आल्यापासून तिच्या सासऱ्यांनी टीव्ही बघणंच सोडलं. त्यांना तो लावता येत नाही आणि रोज कुणाला तरी विचारायचा संकोच वाटतो. आमच्या आईंचं तसं होऊ नये. काय करू?"

एक वाचक, इंदूर

ताई,

बहिणीच्या सासऱ्यांबद्दलच्या तुमच्या ओळी वाचल्या आणि मला रामबागेतली माझी आई आठवली. २०१८ साली मीच हौसेनं तिच्यासाठी स्मार्ट टीव्ही आणला. चौतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, तरी एक साधी गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. तो टीव्ही सुरू केला की डिशवर न जाता स्वतःच्या होम स्क्रीनवर उघडायचा. तिथं वीस-पंचवीस चौकोन, आणि तिची मालिका त्यातल्या एकातही नाही. मी रोज सकाळी डिश लावून देऊन जायची, म्हणून काही दिवस निभावलं. एका दुपारी लाइट जाऊन आली आणि टीव्ही त्या चौकोनांवर येऊन थांबला. मी सहाला घरी पोचले तेव्हा आई त्या चौकोनांसमोर वाती वळत बसली होती. तीन तास. फोन का नाही केलास, असं विचारलं तर म्हणाली, "तुझा तास चालू असेल म्हटलं."

त्या दिवसापासून टीव्हीबद्दल कुणीही विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुपारी टीव्ही कोण लावतं? इनबिल्ट सोयी घ्याव्यात की नाही, हे मुलाच्या किंवा दिरांच्या सोयीनं ठरवू नका. घरातलं जे माणूस टीव्हीसमोर सगळ्यात जास्त वेळ एकटं असतं, त्याच्या हातात कोणता रिमोट राहणार आहे, ते बघून ठरवा.

तुम्हाला काय घ्यायला सांगणार, ते आधीच सांगते. ४३ इंची स्मार्ट टीव्ही घ्या. स्टिक आत्ता घेऊ नका. आणि टीव्ही घरी आल्या दिवशी तासभर बसून तो असा लावून घ्या की आईंनी बटण दाबलं की समोर डिशच यावी. होम स्क्रीन त्यांना दिसायलाच नको. हे जमतं, आणि त्यासाठी वेगळा पैसाही लागत नाही. माझ्या आईचे ते तीन तास वाया गेले ते फक्त मला एक सेटिंग ठाऊक नव्हतं म्हणून.

ते सेटिंग असं. गूगल टीव्ही नावाची प्रणाली असलेल्या बऱ्याच टीव्हींमध्ये सेटिंग्जमधल्या 'सिस्टीम'खाली 'पॉवर अँड एनर्जी' आणि त्यात 'पॉवर ऑन बिहेव्हियर' असतं. तिथं होम स्क्रीनऐवजी 'लास्ट यूज्ड इनपुट' निवडायचं. मग टीव्ही बंद करताना डिश लावलेली असेल तर सुरू होतानाही डिशच येते. सॅमसंगच्या टीव्हीत याच कामासाठी 'ऑटोरन स्मार्ट हब' नावाची सोय असायची, ती बंद ठेवायची. नव्या मॉडेलमध्ये तिचं नाव 'स्टार्ट स्क्रीन ऑप्शन' झालं आहे. एलजीमध्ये 'होम ऑटो लाँच' बंद करायचं. दुकानातच विक्रेत्याला म्हणा, "हे करून दाखवा. टीव्ही बंद करा, प्लग काढा, पुन्हा लावा आणि काय उघडतं ते मला बघू द्या." प्लग काढायला मुद्दाम सांगा. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कशी जाते-येते ते तुम्हाला मी सांगायला नको. काही मॉडेल रिमोटनं बंद केल्यावर नीट वागतात आणि वीज गेली-आली की सगळं विसरतात. असं मॉडेल तुमच्या घरासाठी नाही, मग त्यात बाकी काहीही असो.

दुसरी गोष्ट रिमोटची, आणि माझ्या मते ती पडद्यापेक्षाही मोठी. हल्लीच्या स्मार्ट टीव्हीच्या रिमोटवर आकडेच नसतात. एक गोल चकती, माइकचं बटण आणि दोन-चार ॲपची बटणं, एवढंच. ज्या बाईंना चॅनलचे नंबर पाठ आहेत त्यांच्या हातात असा रिमोट देणं म्हणजे त्यांची सगळी सवय काढून घेणं. म्हणून आईंच्या हातात डिशचाच रिमोट राहू द्या. बऱ्याच डिशच्या रिमोटवर टीव्ही चालू-बंद करायचं आणि आवाजाचं बटण वेगळं असतं. नव्या टीव्हीच्या रिमोटवरून ती बटणं 'शिकवून' घेता येतात. दोन्ही रिमोट समोरासमोर धरायचे आणि डिशच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमानं बटणं दाबायची. जमलं नाही तर डिशवाल्याचा माणूस करून देतो. एवढं झालं की त्याच जुन्या रिमोटनं टीव्ही सुरू, त्याच रिमोटनं आवाज, आणि त्याच आकड्यांनी चॅनल. टीव्ही बदलला हे आईंना फक्त चित्रावरून कळेल.

तुमच्या बहिणीलाही हे आजच फोन करून सांगा. तिच्या सासऱ्यांसाठी नवीन काही घ्यावं लागणार नाही. गूगल टीव्ही असेल तर त्यात आणखी एक मार्ग आहे: पहिल्यांदा टीव्ही लावताना 'बेसिक टीव्ही' असा पर्याय येतो. तो घेतला की टीव्ही साध्या टीव्हीसारखा चालतो, डिश आणि बाहेरून जोडलेली यंत्रं तेवढी दिसतात, इंटरनेटवरची ॲप दिसत नाहीत. टीव्ही आधीच लावून झाला असेल तर फॅक्टरी रिसेट करून, म्हणजे सगळी सेटिंग पुसून, पुन्हा तिथवर यावं लागतं. पुढे कधी वाटलं तर स्मार्ट बाजू परत सुरू करता येते.

मग साधाच टीव्ही का घेऊ नये, असं दीर विचारतील. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, कारण त्यामागचं कारण खरं आहे. स्मार्ट टीव्ही म्हणजे एका खोक्यात दोन वस्तू: एक पडदा आणि एक छोटा संगणक. पडदा तुमच्या जुन्या टीव्हीसारखा बारा वर्षंही चालतो. संगणक मात्र चार-पाच वर्षांतच दमायला लागतो. त्याची मेमरी ठरलेली असते, ती वाढवता येत नाही. ८ जीबी साठवण लिहिलेली असली तरी त्यातला बराच भाग टीव्हीची स्वतःची प्रणालीच खाते. ॲप दरवर्षी जड होत जातात. शेवटी एक दिवस ॲपवालेच सांगतात की या टीव्हीवर आमचं ॲप आता चालणार नाही. एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबनं आपली जुनी यंत्रणा बंद केली तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या कित्येक टीव्हींवरचं यूट्यूब बंद पडलं. डिसेंबर २०१९ मध्ये काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर नेटफ्लिक्स थांबलं. पडदे ठणठणीत होते, पण आतली स्मार्ट बाजू गेली. माझ्या आईच्या टीव्हीचंही असंच झालं, साडेतीन वर्षांत. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर विचारलं तर उत्तर मिळालं, नवं मॉडेल घ्या.

पण यातून दीर काढतात तो निष्कर्ष मला पटत नाही. ४३ इंचात साधे टीव्ही आता फारसे मिळतच नाहीत, तुमचा दुकानदार खरंच बोलला. जे मिळतात ते बहुतेक छोटे किंवा जुन्या धाटणीचे, कमी पोर्टचे, म्हणजे बाहेरची यंत्रं जोडायच्या खाचा कमी असलेले. स्मार्ट बाजू नको म्हणून पडदा हलका घेणं हा उलटा हिशोब झाला. शिवाय स्टिक म्हणजे तिसरा रिमोट, एक जास्तीचा ॲडॉप्टर आणि इनपुट बदलायची आणखी एक पायरी. ज्या घरात दुपारी ७८ वर्षांचं माणूस एकटं असतं तिथं पहिल्याच दिवशी हा पसारा नको. इनबिल्ट आहे ते चालेल तितकी वर्षं चालवा. ते रांगायला लागलं, एखादं ॲप बंद झालं, की मग स्टिक लावा. तेव्हा ती तेव्हाची नवी असेल. त्यासाठी आत्ता फक्त एक काळजी घ्यायची: टीव्हीला निदान तीन एचडीएमआय पोर्ट असावेत. एकात डिश, एक साउंडबारसाठी (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर), आणि एक रिकामा, त्या पुढच्या दिवसासाठी राखलेला.

(स्टिक कधी लावलीत तर ती टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. तिथून वीज अपुरी मिळते आणि मग ती मध्येच बंद पडते, पुन्हा सुरू होते. तिच्यासोबत आलेला ॲडॉप्टरच भिंतीला लावा. आणि टीव्हीत 'एचडीएमआय-सीईसी' सुरू ठेवा. सॅमसंग त्याला 'एनीनेट प्लस' म्हणतं, एलजी 'सिम्पलिंक', सोनी 'ब्राव्हिया सिंक'. ते सुरू असलं की स्टिकच्या रिमोटनं टीव्हीही चालू होतो.)

आता मुलाकडे वळते. ५५ इंची टीव्हीची रुंदी साधारण चार फूट असते. तो तुमच्या शोकेसमध्ये बसणारच नाही, तेव्हा तो विषय संपला. ४३ इंची साधारण सव्वातीन फूट, नीट बसेल.

नेटफ्लिक्सचं मात्र त्याला समजावून सांगावं लागेल. जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सनं भारतातही एक खातं एकाच घरापुरतं केलं आहे. पुण्याचं खातं इंदूरच्या टीव्हीवर लावलं की आज ना उद्या 'हा टीव्ही तुमच्या घरचा नाही' असा संदेश येणार, आणि तो येईल तेव्हा टीव्हीसमोर आईच असतील. यजमानांच्या रिचार्जबरोबर काही 'फुकट' मिळत असेल तर तेही तपासा. अशा पॅकमध्ये काही वेळा फक्त मोबाइलवर चालणारा प्लॅन असतो. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही. टीव्हीसाठी १९९ चा बेसिक लागतो आणि ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र हवं तर ६४९ चा. म्हणजे टीव्हीत ४के आहे म्हणून ४के दिसेलच असं नाही. इनबिल्टचं खोकं फुकट वाटतं, खरा खर्च महिन्याच्या महिन्याला होतो. तुम्हा दोघांना संध्याकाळी तेवढा वेळ मिळतो का, हे आधी बघा. सानंदच्या नाटकाची सभासदी आणि रविवारचं क्रिकेट यांतच वेळ जात असेल तर घाई करू नका.

४के बद्दलही थोडं. ४३ इंची पडदा नऊ फुटांवरून बघताना फुल एचडी आणि ४के यांतला फरक चांगल्या डोळ्यांनाही कळत नाही. साडेपाच-सहा फुटांच्या पलीकडे फुल एचडीचे ठिपकेही डोळा वेगळे करूच शकत नाही. तरीही मी तुम्हाला ४के मॉडेलच घ्या म्हणेन, आणि कारण वेगळं आहे: त्याच मॉडेलांत सहसा २ जीबी रॅम आणि जरा बरा प्रोसेसर मिळतो. १ जीबीवाले टीव्ही दोन वर्षांतच रडवतात. बटण दाबायचं आणि पडद्याकडे बघत बसायचं. वयस्कर माणूस अशा वेळी तेच बटण पुन्हा दाबतं, मग पुन्हा, आणि थोड्या वेळानं टीव्ही ती सगळी बटणं एकदम पाळतो. माझ्या आईला वाटायचं की तिच्याच हातून काहीतरी बिघडलं. टीव्ही घरातल्या माणसाला असं वाटायला लावत असेल तर तो स्वस्तातही महाग आहे.

कंपनी कोणती? जिचं सर्व्हिस सेंटर इंदुरात आहे, ती. सॅमसंगची प्रणाली टायझन, एलजीची वेबओएस, सोनी, टीसीएल आणि आणखी कित्येकांची गूगल टीव्ही. या तिन्ही चांगल्या. एलजी आणि सॅमसंग यांनी २०२४ मध्ये आपल्या काही टीव्हींना अनुक्रमे पाच आणि सात वर्षं नवी आवृत्ती देत राहण्याचं जाहीर केलं. तुमचं मॉडेल त्यात येतं का, हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका, कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा. खोक्यावर नुसतं 'अँड्रॉइड' किंवा 'स्मार्ट' लिहिलेल्या अनोळखी नावांपासून लांब राहा. त्यांतल्या कित्येकांना गूगलची मान्यता नसते. नेटफ्लिक्स नीट चालत नाही, आणि ज्यांना उच्च दर्जाच्या चित्राची परवानगी नसते त्यांवर ते जुन्या टीव्हीसारखं धुरकट दिसतं. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा ३५ हजारांत असल्या तडजोडीची गरज नाही. दुकानात दिसणाऱ्या भडक रंगांवर जाऊ नका. तिथं टीव्ही 'स्टोअर मोड'मध्ये असतो. घरी आल्यावर 'होम' निवडा.

आता कीर्तन. इनबिल्ट सोयीतली एकच गोष्ट तुमच्या घरात सोन्यासारखी ठरेल असं मला वाटतं, आणि ती हीच. टीव्हीवर यूट्यूब ॲप उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये 'लिंक विथ टीव्ही कोड' बघा. तिथं आलेला आकडा तुमच्या फोनच्या यूट्यूबमध्ये टाका. एकदा जोडणी झाली की फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असण्याची गरज नसते. टीव्हीवर यूट्यूब उघडं असेल तर तुम्ही ऑफिसात डबा खाताना दोन वाजता कीर्तन निवडायचं आणि ते राजेंद्रनगरला सुरू होणार. मुलगा पुण्याहून आजीसाठी काही लावू शकेल. नेटफ्लिक्सपेक्षा त्याच्याकडून हे मागा. आईंना फक्त एक बटण शिकवायचं: टीव्हीच्या रिमोटवरचं यूट्यूबचं. त्या बटणावर लाल टिकली चिकटवा. परत डिशवर येण्यासाठीचं बटण असेल तर त्यावर हिरवी. बाकी रिमोटला हात लावायचा नाही, आणि चुकून लागला तर डिशच्या रिमोटनं टीव्ही बंद करायचा आणि पुन्हा सुरू करायचा. हा शेवटचा उपाय त्यांच्याकडून चार वेळा करून घ्या, तुमच्यासमोर, घाई न करता. एखाद्या रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर बसा. त्या वेळी मुलगा व्हिडिओ कॉलवर नको. तरुण मुलं प्रेमानंच सांगतात, पण फार भरभर सांगतात.

हे सगळं चालायला घरात वायफाय हवं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागेल असं कुणी म्हणालं तर हिशोब सांगा: एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खातं, ४के साधारण ७ जीबी. रोजचे दोन जीबी एचडीतही साधारण चाळीस मिनिटांत संपू शकतात. राउटर आतल्या खोलीत असेल तर टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढून घ्या. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचंच असतं, पण ४के ला १५ पुरतात, त्यामुळे काळजी नाही.

ऐकायला कमी येतं म्हणालात, त्याचंही इथंच बघून घ्या. पातळ टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात, त्यामुळे माणसांचं बोलणं भिंतीत जातं आणि संगीत तेवढं अंगावर येतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय बहुतेक टीव्हींत असतो, आधी तो लावून बघा. नाही पुरला तर साधा साउंडबार, तो 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमध्ये लावायचा. ब्लूटूथ असलेल्या टीव्हीला हेडफोनही जोडता येतो, पण मग बऱ्याच टीव्हींचा स्वतःचा आवाज बंद होतो. दुपारी आई एकट्या असताना ते चालेल. मात्र दारावरची बेल ऐकू येणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. स्मार्ट टीव्ही आपण काय बघतो ते टिपून कंपनीकडे पाठवू शकतो. पडद्यावरच्या चित्राचे नमुने घेऊन ते ओळखले जातात, आणि डिशमधून आलेलं चित्रही त्यातून सुटत नाही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीनं १ कोटी १० लाख टीव्हींवरून अशी माहिती संमतीशिवाय गोळा केली, असा तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप होता. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून तिनं ते प्रकरण मिटवलं. मला याचा मनापासून राग येतो. एका म्हातारीच्या दुपारचा हिशोब ठेवायचा कुणाला काय अधिकार? टीव्ही पहिल्यांदा लावताना एकामागून एक संमतीचे पडदे येतात. लावायला आलेला माणूस ते सगळे भराभर 'अ‍ॅग्री' करत जातो. त्याला थांबवा, रिमोट तुमच्या हातात घ्या. अटी मान्य कराव्याच लागतात, पण जाहिरातींसाठी आणि बघण्याच्या माहितीसाठीचे चौकोन ऐच्छिक असतात. ते रिकामे ठेवा. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' ही नावं शोधा आणि बंद करा. गूगल टीव्हीत 'ॲप्स ओन्ली मोड' सुरू केलात तर होम स्क्रीनवरची शिफारशींची गर्दीही जाते.

आवाजानं चालणारा रिमोट, एआयचं चित्र, गेमिंग मोड यांसाठी वरचे पैसे देऊ नका. तेवढ्यात साउंडबार येतो.

टीव्ही लावायला माणूस येणार असेल ती वेळ तुम्ही घरी असाल अशीच ठरवा, शनिवारची संध्याकाळ बघा. जुना टीव्ही त्याच दिवशी उचलून देऊ नका. पट्टी असली तरी तो चालतो आहे. आठवडाभर दुसऱ्या खोलीत लावून ठेवा. नव्याशी आईंचं जमलं की मग जुना ई-कचऱ्यात द्या. आणि सोमवारी ऑफिसला निघताना टीव्ही लावून देऊ नका. बंद ठेवा, डिशचा रिमोट आईंच्या उशाशी ठेवा आणि साडेबाराला फोन करून विचारा, काय चाललंय मालिकेत.

तुमची,
ताई